माणूस बेघर कसा होतो आणि शहर त्याला कसे सावरू शकते

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, रेल्वे टर्मिनसच्या आवारात, महाद्वार रोडवरील बंद दुकानांच्या पायऱ्यांवर आणि सीपीआर रुग्णालयाच्या भोवती रात्री जी माणसे झोपलेली दिसतात, ती सगळी बेघर असतात असे नाही. आणि शहरातील सगळे बेघर तिथेच झोपतात असेही नाही. सीपीआरच्या आवारात चादर अंथरून पडलेला माणूस बहुधा गडहिंग्लज किंवा शाहूवाडीकडून आलेल्या रुग्णाचा नातेवाईक असतो आणि रुग्णाला घरी सोडले की तोही आपल्या घरी जातो. याउलट हॉटेलच्या भटारखान्यात बाके जोडून झोपणारा आचारी कोणालाच बेघर वाटत नाही. परंतु ज्या दिवशी त्याचे काम सुटते, त्याच दिवशी त्याची पाठ टेकण्याची जागाही जाते. जे डोळ्यांना दिसते तेवढ्यावरून बेघरपणाचा अंदाज बांधला, तर मदत चुकीच्या माणसापर्यंत आणि बहुतेक वेळा फार उशिरा पोहोचते.

2011 च्या जनगणनेत रस्त्याकडेला, पदपथावर, मोठ्या पाइपांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळांच्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर उघड्यावर राहणाऱ्यांना बेघर मानले गेले. त्यांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. देशभरात सुमारे 17 लाख 73 हजार बेघर नोंदले गेले आणि त्यांपैकी सुमारे 9 लाख 38 हजार शहरांत होते. भटारखान्यातला आचारी, बांधकामाच्या जागेवर पत्र्याच्या आडोशाला राहणारा मजूर किंवा आठ दिवस बहिणीकडे आणि आठ दिवस मावशीकडे काढणारी, नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई अशा मोजणीत सहसा सापडत नाही. त्यामुळे हा आकडा किमान समजावा.

घर एका दिवसात जात नाही

शाहू मार्केट यार्डात हमाली करणारा आणि भाड्याच्या एका खोलीत बायको व दोन मुलांसह राहणारा एक माणूस आपण उदाहरणासाठी कल्पनेने समोर आणू. ओझे उचलताना त्याच्या कमरेला मार बसतो आणि दोन महिने काम बंद पडते. पहिल्या महिन्याचे भाडे घरमालक सबुरीने घेतो, दुसऱ्या महिन्याचे अनामत रकमेतून वळते करतो आणि तिसऱ्या महिन्यात खोली सोडावी लागते. बायको मुलांना घेऊन माहेरी जाते, तो भावाकडे राहतो. भावाचे घर आधीच लहान असते, कुरबुर वाढते आणि चार-सहा आठवड्यांत तो यार्डातल्याच एखाद्या कट्ट्यावर झोपू लागतो. तिथे एका रात्री त्याची पिशवी चोरीला जाते आणि पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्डाची प्रत आणि बँकेचे पासबुक असते. आता त्याच्याकडे खोलीसाठी अनामत नाही, ओळख पटवायला कागद नाही आणि कमरेच्या दुखण्यावर उपाय म्हणून रात्री दारू आहे. या टप्प्यावर त्याला पाहणारा वाटसरू म्हणतो की दारूमुळे माणूस रस्त्यावर आला. प्रत्यक्षात क्रम उलटा होता.

हे उदाहरण एवढ्यासाठी मांडले की या उतरणीवर प्रत्येक पायरीला थांबवण्याची किंमत वेगळी आहे. पहिल्या पायरीवर दोन महिन्यांचे भाडे आणि घरमालकाशी कोणीतरी मध्यस्थी करून बोलणे एवढे पुरले असते. शेवटच्या पायरीवर रुग्णालय, व्यसनमुक्ती, कागदपत्रे, नवी खोली, तुटलेले संसाराचे धागे असे सगळे एकदम उभे करावे लागते आणि तरीही यशाची खात्री नसते. म्हणून बेघरपणावरील सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत मानवी उपाय म्हणजे ज्याचे घर अजून गेलेले नाही त्याचे घर टिकवणे. त्याचे छायाचित्र निघत नाही, त्यामुळे त्यासाठी देणग्याही मिळत नाहीत. परंतु तालीम मंडळे, महिला बचत गट, पतसंस्था आणि कामगार संघटना यांच्यासारख्या ज्या संस्थांना आपल्या पेठेतल्या घराघरांची माहिती असते, त्यांनाच हे काम जमण्यासारखे आहे. गल्लीत कोणाचे भाडे थकले आहे, कोणाच्या घरातून रात्री रडण्याचा आवाज येतो, कोणत्या म्हाताऱ्या आजीचे सामान जिन्याखाली आणून ठेवले आहे, हे महापालिकेला कळण्याआधी गल्लीला कळते.

हे कळल्यानंतर काय करता येते, ते थोडे तपशिलात पाहणे आवश्यक आहे, कारण या टप्प्यावर पैशापेक्षा माहिती अधिक उपयोगी पडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे आणि नोंदणीकृत करार नसेल तर अटींविषयी, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. भाडेकरूला हुसकावण्यासाठी घरमालकाला त्याचे पाणी किंवा वीज तोडता येत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 नुसार एकत्र राहत असलेले घर पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी स्त्रीला त्या घरात राहण्याचा हक्क आहे आणि कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. हा एक हक्क जर प्रत्येक गल्लीत ठाऊक असता, तर कितीतरी स्त्रिया रात्रीच्या वेळी दोन मुले आणि एक पिशवी घेऊन बसस्थानकाच्या दिशेने निघाल्या नसत्या.

वृद्धांच्या बाबतीत बेघरपणाची सुरुवात पुष्कळदा एका सहीने होते. राहते घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिले जाते आणि वर्ष-दोन वर्षांत आई-वडिलांना त्याच घरात अडगळ ठरवले जाते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा 2007 चा कायदा अशा वेळी हाताशी आहे. निर्वाहभत्त्यासाठी, वकील लावून दिवाणी दावा न लढता, प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. ही रक्कम दरमहा 10 हजार रुपयांपर्यंत ठरवता येते. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्दही करता येते. म्हणून ज्यांना आपल्या हयातीत घर मुलांच्या नावे करायचेच आहे, त्यांनी सांभाळाची अट बक्षीसपत्रात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाने वर्षातून एकदा या विषयावर माणूस बोलावून सभा घेतली, तर त्या सभेचे मोल एखाद्या वृद्धाश्रमाच्या खोलीएवढे आहे. विधि सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक आणि आपत्तीत सापडलेले लोक यांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठीचा अर्ज जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात करता येतो. वृद्धांसाठी 14567 हा देशभर चालणारा मदतीचा क्रमांक आहे, तर मुलांसाठी 1098.

पुराने नेलेली घरे

कोल्हापुरात बेघरपणाचे एक कारण दर पावसाळ्यात दारात येते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी 39 फुटांवर गेले की इशारा पातळी आणि 43 फुटांवर गेले की धोका पातळी मानली जाते. 2019 आणि 2021 साली हे पाणी 55 फुटांच्या वर गेले होते. पाणी वाढू लागले की सुतारवाड्यातील कुटुंबे दसरा चौकातील चित्रदुर्ग मठात हलवली जातात, हे कोल्हापूरकरांच्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटेनासे झाले आहे. मला मात्र ती मोठी गोष्ट वाटते. कोणाला हलवायचे, कुठे हलवायचे, जेवण कोणी करायचे, हे सगळे आधीच ठरलेले असल्यामुळे घर पाण्यात जाऊनही ती माणसे त्या रात्री उघड्यावर पडत नाहीत.

खरी अडचण पाणी ओसरल्यानंतर सुरू होते. पडलेल्या घरासाठीची मदत घराच्या मालकाला मिळते. त्या घरात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाच्या हाती भांडी-कपड्यांसाठीचे सानुग्रह अनुदान आले, तरी खोली नव्याने मिळवण्यासाठीची अनामत त्यातून उभी राहत नाही. शिवाय पुरानंतर कोरड्या भागातील खोल्यांची मागणी एकदम वाढते. म्हणून पूरग्रस्त भाडेकरूंसाठी अनामत रकमेचा फिरता निधी, म्हणजे आज एका कुटुंबाला बिनव्याजी द्यायचा आणि त्याने सावकाश परत केला की दुसऱ्याला द्यायचा असा निधी, पेठेपेठेतून उभा राहिला पाहिजे. पुराच्या काळात या शहरात चादरी आणि चपात्या कमी पडत नाहीत. त्या औदार्यातला थोडा भाग ऑगस्टनंतरच्या सहा महिन्यांसाठी राखून ठेवण्याची शिस्त तेवढी लावून घ्यावी लागेल.

निवारा कसा असावा

ज्यांचे घर गेलेच आहे, त्यांच्यासाठी कायद्याची चौकट हळूहळू तयार झाली. मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले. झोपड्या हटवण्याचा महापालिकेचा अधिकार मान्य करतानाही त्या पावसाळ्यात कोणाला हटवू नये, असा आदेश दिला. पुढे 2010 साली, थंडीत उघड्यावर झालेल्या मृत्यूंच्या पार्श्वभूमीवर, शहरांनी निवारे उघडावेत असे आदेश झाले आणि 2013 साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्यांची योजना आली. तिच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक लाख लोकसंख्येमागे किमान 100 माणसांची कायमस्वरूपी सोय हवी. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या 5 लाख 49 हजार होती. म्हणजे त्या वेळच्या लोकसंख्येलाही साधारण साडेपाचशे माणसांची सोय हा शहराचा हिशेब होतो. एका माणसामागे 50 चौरस फूट, म्हणजे दहा बाय पाच फुटांची जागा, पाणी, स्नानगृह, शौचालय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायला कुलूपबंद कप्पा, असे किमान निकष त्यात आहेत. निवारा केवळ रात्रीपुरता न ठेवता चोवीस तास आणि बाराही महिने उघडा असावा, असेही त्यात म्हटले आहे.

यातला प्रत्येक निकष अनुभवातून आलेला आहे. लग्नकार्यात वाढप्याचे काम करणारा माणूस पहाटे तीनला परततो. त्याला दिवसा झोपायला जागा हवी असते. कुलूपबंद कप्पा नसेल तर माणूस सामान राखण्यासाठी निवाऱ्यात येण्याऐवजी फलाटावरच थांबतो. निवारा शहराच्या टोकाला बांधला, तर यार्डात किंवा मंडईत पहाटे कामाला जाणारा तिथे फिरकत नाही, आणि मग खाटा रिकाम्या दाखवून निवाऱ्याची गरजच नाही असा निष्कर्ष काढला जातो. एकट्या स्त्रियांसाठी वेगळा निवारा लागतो आणि पती-पत्नींना ताटातूट न करता एकत्र राहू देणारी जागाही लागते. ती नसेल तर कुटुंबे निवाऱ्याऐवजी पुलाखाली एकत्र राहणे पसंत करतात. नागरिकांच्या गटाने दोन महिन्यांतून एकदा निवाऱ्यात जाऊन नळाला पाणी आहे का, कप्प्यांना कुलपे आहेत का, रात्री एक वाजता आलेल्याला दार उघडले जाते का, एवढे जरी पाहिले आणि लेखी नोंदवून आयुक्तांना दिले, तरी पुष्कळ फरक पडतो. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागल्यामुळे अशा प्रश्नांवर दाद मागायला आता मुंबई गाठावी लागत नाही.

कागद नसलेली माणसे

बेघर माणसाकडे पत्ता नसतो, पत्ता नसल्यामुळे ओळखपत्र नसते आणि ओळखपत्र नसल्यामुळे रेशन, बँक खाते, निराधार अनुदान यांपैकी काहीच मिळत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे नावच निराधारांचे आहे. परंतु तिच्यासाठी राज्यात किमान 15 वर्षे वास्तव्य असल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि आयुष्यभर जागा बदलत राहिलेल्या माणसाला तोच देता येत नाही. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने दिलेले प्रमाणपत्र आधार नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालते, हे फार थोड्यांना माहीत आहे. मतदार नोंदणीची तरतूद तर मला विशेष सुंदर वाटते. बेघर व्यक्तीने नमुना 6 च्या अर्जात आपण जिथे झोपतो ती जागा लिहायची; मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकापेक्षा अधिक रात्री तिथे जाऊन ती व्यक्ती खरोखर तिथे झोपते का, हे पाहतो; आणि तसे आढळले तर पत्त्याचा वेगळा कागद मागितला जात नाही. अर्ज भरून देणारा, रांगेत बरोबर उभा राहणारा आणि तीनदा परत पाठवले तरी चौथ्यांदा जाणारा कोणीतरी मात्र लागतो. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना हे काम सहज जमेल.

मानसिक आजार असलेल्या आणि रस्त्यावर भटकणाऱ्या व्यक्तींविषयी 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट तरतूद आहे. आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी अशी व्यक्ती आढळली, तर तिला संरक्षणाखाली घेऊन 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे आणि तिला कोठडीत ठेवता येत नाही. बेघरांना मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्कही हाच कायदा देतो. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रातून डॉ. भरत वाटवानी यांनी अशा हजारो माणसांना उपचार करून त्यांच्या गावी पोहोचवले आणि त्यासाठी त्यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातून एक गोष्ट सिद्ध झाली, ती म्हणजे जटा वाढलेल्या, स्वतःशी बोलणाऱ्या माणसालाही गावाचे नाव आठवते, फक्त औषध आणि धीर यांना काही आठवडे द्यावे लागतात. कोल्हापूरला सर्वांत जवळचे प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीला आहे. तिथून बरा होऊन परतणाऱ्या माणसाला घरच्यांनी घेतले नाही तर त्याने कुठे जायचे, हा प्रश्न मात्र रुग्णालय सोडवू शकत नाही.

याच्या अगदी उलट दृष्टी मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, 1959 मध्ये आहे. उदरनिर्वाहाचे दिसण्यासारखे साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणे हेही त्या कायद्याने भीक मागण्याच्या व्याख्येत घातले आणि त्यासाठी माणसाला वर्ष ते तीन वर्षे संस्थेत डांबण्याची सोय केली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली दिल्लीपुरत्या या कायद्यातील शिक्षेच्या प्रमुख तरतुदी रद्द केल्या. गरिबीला गुन्हा मानले की माणूस मदतीपासूनही लपू लागतो.

आधी खोली, मग बाकीचे

जगभर बराच काळ अशी समजूत होती की बेघर माणसाने आधी व्यसन सोडावे, औषधे नियमित घ्यावीत, काम धरावे आणि मग त्याला घर मिळावे. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली सॅम सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने हा क्रम उलटला. आधी कुलूप-किल्लीची स्वतःची खोली द्यायची आणि मग तिथे राहून उपचार, काम, नाती यांची घडी बसवायची, हे 'हाउसिंग फर्स्ट' या पद्धतीचे सूत्र आहे. कॅनडाने 2009 पासून पाच शहरांत दोन हजारांहून अधिक लोकांसह तिची रीतसर चाचणी घेतली. खोली आधी मिळालेली माणसे नेहमीच्या पद्धतीने मदत मिळालेल्यांपेक्षा अधिक काळ घरात टिकली. फिनलंडने 2008 पासून रात्रनिवाऱ्यांच्या इमारतींची भाड्याच्या स्वतंत्र घरांत पुनर्रचना केली आणि दीर्घकाळ बेघर असलेल्यांची संख्या तिथे लक्षणीय घटली. चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेने मानसिक आजारातून सावरणाऱ्या चार-पाच जणांना साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहण्याची सोय करून आपल्या परिस्थितीतही हे शक्य आहे, हे दाखवले आहे.

कोल्हापूरला हे सूत्र परके वाटू नये. 1901 साली राजर्षी शाहू महाराजांनी या शहरात पहिली वसतिगृहे उभी केली, तेव्हा खेड्यातल्या मुलाची बुद्धी किंवा वर्तन आधी सुधारा असे ते म्हणाले नाहीत. शिकायचे तर आधी शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण हवे, हे त्यांनी ओळखले. पाठोपाठ 1906 साली मुस्लिम बोर्डिंग आणि 1908 साली, ज्यांना कोणी दारात उभे करत नसे अशा समाजातील मुलांसाठी, मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. संस्थानाने जागा व अनुदान द्यायचे आणि समाजाच्या विश्वस्तांनी रोजचा कारभार पाहायचा, अशी ती रचना होती. आजच्या निवाऱ्यांच्या योजनेतही महापालिकेने इमारत व निधी द्यावा आणि सामाजिक संस्थेने तो चालवावा, हीच वाटणी आहे. कचरावेचक महिला आणि वीटभट्टीवरील मुले यांच्यासाठी 'अवनि'सारख्या संस्थांनी केलेले काम पाहता, ते चालवू शकणारी माणसे या शहरात नाहीत असे म्हणता येणार नाही.

सध्या सर्वांत मोठा तुटवडा आहे तो निवाऱ्यातून बाहेर पडणाऱ्याला खोली देणाऱ्या घरमालकांचा. वर उल्लेखलेल्या हमालाची कंबर बरी झाली, कागद पुन्हा निघाले, काम मिळाले, तरी मूळ पत्ता म्हणून निवाऱ्याचे नाव पाहिल्यावर खोलीला नकार मिळतो. तिथे एखाद्या तालीम मंडळाने किंवा पतसंस्थेने जामीन राहावे, पहिली अनामत फिरत्या निधीतून भरावी, भाडे थकले तर आधी आपल्याला कळवावे असे घरमालकाला लेखी द्यावे आणि एका कार्यकर्त्याने पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा त्या खोलीवर चहाला जावे. अकरा महिन्यांनी करार संपतो, तेव्हा नव्या करारावर त्या माणसाची सही असावी, जामीनदाराच्या सहीची गरज पडू नये, इथपर्यंत त्याला सोबत द्यावी लागते.